विश्लेषण : परदेशी विद्यापीठात लायब्ररी ‘लावली’, पण वापरली किती?

ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी लाखो रुपये मोजणारे भारतीय विद्यार्थी विद्यापीठाच्या ग्रंथालयात तासन्‌तास बसतात. त्याच शुल्कात मिळणाऱ्या ग्रंथपालाकडे आणि डेटाबेसकडे मात्र त्यांतले अनेक जण वळतच नाहीत. असे का होते, आणि त्याची किंमत कोण मोजते?

नुसती हजेरी पाहिली तर ब्रिटिश विद्यापीठांत शिकणारे भारतीय विद्यार्थी हे तिथल्या ग्रंथालयांचे सर्वांत निष्ठावान वाचक वाटावेत. नोव्हेंबर-डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारून येते. चौघांनी मिळून घेतलेल्या घरात टेबल एकच असते आणि हीटर लावायचा म्हटला की बिल कोणी किती भरायचे यावरून कुरबूर होते. अशा वेळी चोवीस तास उघडे, उबदार, वायफाय असलेले आणि खुर्चीगणिक प्लग असलेले ग्रंथालय घरापेक्षा बरे वाटले तर नवल नाही. रात्री दोन वाजता तिथे मराठी, तेलुगू, पंजाबी सहज कानावर पडते. यात वावगे काहीच नाही. ग्रंथालय हे बसण्याचेही ठिकाण आहे आणि थंडीत ऊब शोधणाऱ्याला कोणी हिशेब विचारू नये.

अडचण पुढची आहे. वर्ष संपते, प्रबंध जमा होतो आणि तोवर यातल्या अनेकांनी सब्जेक्ट लायब्रेरियनला, म्हणजे आपल्या विषयासाठी नेमलेल्या ग्रंथपालाला, एकही प्रश्न विचारलेला नसतो. अशी व्यक्ती विद्यापीठात आहे हेच काहींना शेवटपर्यंत कळत नाही.

जास्त वेळ बसले की जास्त गुण मिळतात का?

याचे उत्तर ब्रिटनमध्येच शोधले गेले आहे. हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने २०११ मध्ये आठ विद्यापीठांतल्या ३३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. विद्यार्थ्याने किती पुस्तके घरी नेली, ई-साधनांचा किती वापर केला आणि ग्रंथालयाच्या फाटकातून तो किती वेळा आत गेला, अशा तीन गोष्टी अंतिम श्रेणीशी ताडून पाहिल्या गेल्या. पहिल्या दोन गोष्टींचा श्रेणीशी ठळक संबंध आढळला. तिसरीचा आढळला नाही. हा अभ्यास पदवीच्या विद्यार्थ्यांचा होता आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, हे संशोधकांनी स्वतःच बजावले होते. हुशार विद्यार्थी मुळातच जास्त पुस्तके नेत असतील, हेही शक्य आहे. तरीही निव्वळ खुर्ची अडवून बसण्याचा निकालाशी फारसा संबंध नाही, एवढे तरी त्यातून नक्की दिसते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी हा मुद्दा अधिक टोकदार होतो, कारण त्याच्याकडे वर्ष एकच असते. ब्रिटनमधला मास्टर्स अभ्यासक्रम साधारणपणे १८० क्रेडिटचा असतो आणि एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास असे धरले जाते. म्हणजे एकूण १,८०० तास. त्यांतले वर्गातले तास थोडेच. आठवड्याला आठ-दहा तासांचे वेळापत्रक पाहून पहिल्या आठवड्यात अनेक भारतीय विद्यार्थी खूश होतात आणि घरचे काळजीत पडतात : ‘एवढे पैसे भरले आणि कॉलेज दोनच दिवस?’ उरलेले तास विद्यार्थ्याने स्वतः वाचून, शोधून, लिहून भरायचे असतात. त्यात उन्हाळ्यातला प्रबंध बहुतेक ठिकाणी एकटा ६० क्रेडिटचा, म्हणजे एक तृतीयांश वजनाचा. थोडक्यात, या शिक्षणाचा मोठा भाग वर्गाबाहेर होतो आणि त्यासाठीची साधने ग्रंथालयाच्या ताब्यात असतात. शुल्क भरताना हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. एजंट तर नाहीच.

शुल्कही थोडेथोडके नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्षाला पंधरा ते तीस हजार पौंड हा सर्वसाधारण पल्ला, नामांकित ठिकाणी त्याहून जास्त. रुपयांत सतरा-अठरा लाखांपासून पस्तीस लाखांपर्यंत. त्यापाठी बहुधा शैक्षणिक कर्ज असते, कधी गहाण टाकलेली जमीन किंवा फ्लॅट, तर कधी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. २०२२-२३ मध्ये ब्रिटनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १ लाख ७३ हजारांवर पोहोचली आणि भारताने चीनला मागे टाकले. पुढे ती काहीशी घटली. पण त्यांतले बहुसंख्य याच एक वर्षाच्या अभ्यासक्रमांचे, हे चित्र कायम आहे.

‘लायब्ररी लावणे’ ही सवय कुठून आली?

पुण्यातल्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेला मुलगा आधी खोली बघतो, मग मेस लावतो, मग लायब्ररी लावतो. ही लायब्ररी म्हणजे अभ्यासिका. महिन्याचे पैसे भरायचे, ठरलेली खुर्ची घ्यायची, आपलीच पुस्तके आणायची आणि आपापले पाठांतर करायचे. तिथे पुस्तके नसली तरी कोणाची तक्रार नसते, कारण अभ्यासक्रम ठरलेला, पुस्तके ठरलेली आणि प्रश्नही बरेचसे ठरलेले असतात. उणीव असते ती शांततेची, आणि अभ्यासिका नेमकी तीच विकते. गरजेतून उभी राहिलेली ही व्यवस्था आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

कॉलेजातले ग्रंथालय आठवून पाहावे. अनेक महाविद्यालयांत आजही पुस्तकांची कपाटे वाचकासाठी खुली नसतात. देवघेवीच्या खिडकीशी मागणीचिठ्ठी द्यायची आणि पुस्तक आतून येण्याची वाट पाहायची. चिठ्ठीत शीर्षक लिहावे लागते, म्हणजे काय हवे ते आधीच ठाऊक असावे लागते. ‘मला या विषयावर काहीतरी हवे आहे, नेमके काय ते कळत नाही’ असे चिठ्ठीवर लिहिण्याची सोय नसते. ग्रंथपालाशी विद्यार्थ्याची खरी गाठ पडते ती शेवटच्या वर्षी, ‘नो ड्यूज’च्या सहीसाठी. पुस्तक हरवले असेल तर आणखी एकदा. याला सन्माननीय अपवाद आहेत. पुण्याचे जयकर ग्रंथालय किंवा गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय यांनी संशोधकांच्या पिढ्या पोसल्या. पण तालुक्याच्या गावी बीकॉम किंवा बीई करून थेट लीड्स-लिस्टरला उतरणारा विद्यार्थी त्या परंपरेतून आलेला नसतो.

मग तो परदेशातही लायब्ररी ‘लावतो’. टेबल मिळवतो, लॅपटॉप उघडतो, प्राध्यापकांच्या स्लाइड आणि गुगलवर सापडलेल्या पीडीएफ समोर ठेवतो आणि पहाटेपर्यंत बसतो. कष्टांत कसूर नसते. चुकते ते एवढेच, की इथे परीक्षा पाठांतराची नसते. विषय काय, त्यावर कोणी काय म्हटले, त्यांचे पटते की नाही आणि का, याला गुण असतात. त्यासाठी लागणारे साहित्य टेबलावर आपोआप येत नाही.

ग्रंथपालाला विचारायला संकोच का?

अमेरिकेत कॉन्स्टन्स मेलन यांनी सहा हजार विद्यार्थ्यांना ग्रंथालयात शोध घेतानाचे अनुभव लिहायला लावले आणि १९८६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी पहिल्या अनुभवाचे वर्णन भीतीच्या भाषेत केले होते. बाकीच्यांना सगळे येते, आपल्यालाच येत नाही. हे लाजिरवाणे आहे आणि विचारले तर उघडे पडू. मेलन यांनी टिपलेला हा विचारांचा क्रम आहे. ‘लायब्ररी अँग्झायटी’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. ही मुले अमेरिकेतच शिकत होती. पुढच्या अभ्यासांत इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांमध्ये ही भीती अधिक असल्याचे दिसले.

भारतीय विद्यार्थ्याच्या बाबतीत तिला आणखी एक पदर असतो. पदवी हातात आहे, घरच्यांनी विमानतळावर हार घातला आहे, आणि आता ‘जर्नल आर्टिकल कसे शोधायचे?’ असे विचारायचे? त्यात समोरची व्यक्ती ‘सर’ की ‘मॅडम’ की नुसतेच पहिले नाव, हाही प्रश्न. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू झालेल्या ईमेलला ग्रंथपाल ‘हाय’ने सुरुवात करून खाली पहिल्या नावाने सही करते, तेव्हा विद्यार्थ्याला नेमके कसे वागावे ते कळेनासे होते. तिच्या दृष्टीने मात्र तो प्रश्न अगदी साधा, दिवसातून दहा वेळा येणारा असतो. त्यासाठीच तिला पगार मिळतो.

सगळे खापर संकोचावर फोडणेही बरोबर नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तास काम करता येते आणि भाडे भागवायला अनेकांना ते करावेच लागते. गोदामात, केअर होममध्ये, रेस्तराँमध्ये. म्हणजे वर्ग आणि काम यांतून अभ्यासाला उरते ती संध्याकाळ आणि रात्र. ग्रंथालयाची इमारत रात्रभर उघडी असते खरी, पण माणसे बहुधा नऊ ते पाचच्या वेळात काम करतात. ‘चोवीस तास ग्रंथालय’ या जाहिरातीतले चोवीस तास टेबल-खुर्च्यांचे असतात. काही विद्यापीठांनी रात्री चॅटवरून मदत देण्याची सोय केली आहे, पण तिचा दुवा संकेतस्थळाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे शोधायलाही थोडे ग्रंथालयशास्त्र लागते!

शुल्कात नेमके काय काय येते?

विद्यार्थ्याला माहीत नसते ते बरेचसे इथे आहे. एखादा शोधनिबंध प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून विकत घ्यायचा तर तीस-चाळीस डॉलर सहज पडतात. विद्यापीठाने वर्गणी भरलेली असेल तर तोच निबंध विद्यार्थ्याच्या लॉगिनवर मोफत उघडतो, घरून आणि सुट्टीत पुण्याला आल्यावरही. गुगल स्कॉलरच्या सेटिंगमध्ये आपल्या विद्यापीठाचे नाव जोडले की शोधनिकालाशेजारीच पूर्ण मजकुराचा दुवा दिसू लागतो. हे काम दोन मिनिटांचे. ते न केल्यामुळे वर्षभर ‘पेवॉल’शी झगडणारे आणि शेवटी फक्त सारांश वाचून संदर्भ देणारे विद्यार्थी कमी नाहीत.

विद्यापीठाकडे नसलेले पुस्तक किंवा प्रकरण दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येते. या देवाणघेवाणीत यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पा इथल्या ब्रिटिश लायब्ररीच्या केंद्राचा वाटा मोठा. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्याने ब्रिटिश लायब्ररीची व्यवस्था दीर्घकाळ विस्कळीत झाली, तेव्हा किती संशोधक तिच्यावर अवलंबून होते ते दिसले. ‘स्कोनल अ‍ॅक्सेस’ या योजनेतून दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातही जाता येते. कुठे पुस्तक घरी नेता येते, कुठे तिथेच बसून वाचावे लागते. ऑक्सफर्डच्या बोडलीयनमध्ये तर पुस्तक बाहेर न देण्याचीच परंपरा, आणि ग्रंथालयात आग किंवा ज्योत पेटवणार नाही अशी प्रतिज्ञा वाचकाला आजही करावी लागते.

ई-पुस्तकांचे एक गुपित पहिल्या परीक्षेआधीच ठाऊक असलेले बरे. स्क्रीनवर दिसते म्हणून ते कितीही जणांना एकाच वेळी उघडेल असे नसते. काही परवाने एका वेळी एकाच किंवा तीनच वाचकांचे असतात. दीडशे जणांच्या वर्गात निबंध जमा करण्याच्या आदल्या रात्री ते पुस्तक कोणालाच उघडत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘कोणाकडे पीडीएफ आहे का’ सुरू होते. ग्रंथपालाला आधी कळवले तर परवाना वाढवून घेता येऊ शकतो. कळवत कोणी नाही.

ग्रुप स्टडीच्या खोल्यांचेही असेच. भारतीय विद्यार्थी या खोल्या हमखास आरक्षित करतात, एकत्र बसून एकमेकांना समजावतात. ही चांगली सवय आहे. पण एकत्र चर्चा करून सर्वांनी जवळपास सारखेच उत्तर लिहिले तर ब्रिटिश नियमांत ते ‘कोल्यूजन’ ठरते आणि चौकशी लागते. खोली देणारे विद्यापीठ ही सीमारेषा प्रवेशाच्या आठवड्यात पन्नास पानी पुस्तिकेत सांगते आणि कर्तव्यातून मोकळे होते.

एआय असताना ग्रंथपाल कशाला?

सध्या हा प्रश्न हमखास येतो. चॅटजीपीटीसारख्या साधनाला दहा संदर्भ मागितले तर ते दहा देते. लेखकांची नावे खरी वाटतात, नियतकालिकही खरे असते, पण तो निबंध कधी लिहिलाच गेलेला नसतो. नवी साधने इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात, त्यामुळे हा प्रकार कमी झाला असला तरी संपलेला नाही. शिवाय वर्गणीच्या भिंतीआड असलेला मजकूर त्यांना बहुधा दिसत नाही. अस्तित्वात नसलेला लेख ‘मागवून द्या’ अशा विनंत्या आता ग्रंथपालांकडे येऊ लागल्या आहेत. एका अर्थी हे विद्यार्थी सुदैवी म्हणायचे, त्यांनी निदान विचारले. न विचारता तो संदर्भ प्रबंधात घालणाऱ्याला शैक्षणिक गैरवर्तनाच्या समितीपुढे उभे राहावे लागू शकते. व्हिसा, कर्ज आणि पदवी एकाच वेळी टांगणीला लागते.

याहून वाईट वाट पैसे देऊन निबंध लिहून घेण्याची. इंग्लंडमध्ये अशी सेवा पुरवणे २०२२ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. तरी जाहिराती फिरतात आणि त्यांचे लक्ष्य बरेचदा एकटा पडलेला, मुदत जवळ आलेला परदेशी विद्यार्थी असतो. या वाटेने जाणारे सगळे आळशी किंवा अप्रामाणिक असतात असे मानणे सोयीचे आहे. त्यातल्या काहींना तरी सुरुवात कुठून करायची हेच समजलेले नसते, आणि हे समजावून देणारा माणूस त्याच इमारतीत दोन मजले वर बसलेला असतो.

विद्यापीठांची जबाबदारी किती?

बरीच. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर ब्रिटिश विद्यापीठांचा डोलारा किती अवलंबून आहे हे आता लपून राहिलेले नाही. पण ग्रंथालयाची ओळख करून देण्याचा सोहळा उरकला जातो तो पहिल्याच आठवड्यात. विद्यार्थी तेव्हा घर शोधत असतो, बँक खाते उघडत असतो, सिमकार्डासाठी रांगेत असतो. त्याला ‘बूलियन सर्च’वरचा तास सांगून काय उपयोग? हाच तास सहाव्या आठवड्यात, पहिला निबंध हातात असताना, त्याच विषयाच्या वर्गात घेतला तर कानावरून जाणार नाही. काही विभाग असे करतात. बाकीचे उन्हाळ्यात प्रबंध तपासताना ‘वाचन तोकडे’ असा शेरा मारतात.

विद्यार्थ्याकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. प्रबंधाचा विषय नक्की करण्याआधी, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, ग्रंथपालाची अर्ध्या तासाची वेळ घ्यावी. विषयावर पुरेसे साहित्य आहे का, हे तेव्हाच कळते. जुलैत कळून उपयोग नसतो.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनमधल्या वाचनाच्या तासांच्या गोष्टी इथल्या मुलांना तोंडपाठ असतात. ते तिथे काय शोधत होते, हे मात्र कमी सांगितले जाते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते मुदतीचे भान ठेवूनच. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात सरकारी अहवाल, चलनविषयक समित्यांचे कागद, आकडेवारी यांची जी रास दिसते, ती केवळ जास्त वेळ बसून जमत नाही. कुठल्या दप्तरात काय आहे, हे माहीत करून घ्यावे लागते.

त्यानंतर थोड्याच काळाने, १९२४ मध्ये, मद्रास विद्यापीठाचे नवे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकायला गेले. मूळचे गणिताचे प्राध्यापक, ग्रंथपालाच्या कामाला कंटाळलेले. तिथल्या ग्रंथालयांत वाचक कपाटांपर्यंत जातो आणि ग्रंथपाल त्याच्याशी बोलतो, हे पाहून त्यांचे मत पालटले. परतल्यावर मद्रासमध्ये त्यांनी तेच सुरू केले आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. शंभर वर्षांनंतरही आपल्या कितीतरी महाविद्यालयांत मागणीचिठ्ठी आणि कुलूपबंद कपाट टिकून आहे.

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके आणि सहा हजारांहून अधिक सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे. म्हणजे लिस्टरमध्ये जे पहिल्यांदा पाहायला मिळायचे, त्यातले बरेचसे आता सरकारी संस्थेतल्या विद्यार्थ्याला इथेच उपलब्ध आहे. खासगी महाविद्यालयांचा प्रश्न वेगळा. पण नियतकालिक उपलब्ध असणे आणि ते उघडून त्यातून हवे ते शोधता येणे यांत अंतर आहे. ते भरून काढण्यासाठी ग्रंथपाल लागतो, आणि ग्रंथपालांची पदे रिकामी असल्याची तक्रार आपल्याकडे जुनीच आहे. परदेशी जाण्याआधी एक-दोन महिने व्हिसाच्या रांगेत आणि खरेदीत जातात. त्याच काळात जवळच्या विद्यापीठात जाऊन स्कोपस किंवा जेस्टोर एकदा हाताळून पाहिले, तरी सप्टेंबरातला पहिला धक्का बराच सौम्य होईल.

तिकडे प्रबंध जमा होतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात. अभ्यासक्रम संपल्यानंतर विद्यापीठाचे लॉगिन बंद होते आणि त्यासोबत डेटाबेसही. माजी विद्यार्थ्यांना अनेक ग्रंथालये आत येऊन बसू देतात. घरून काही उघडत नाही.